गाडीतली ओल आणि वाटीभर तांदूळ

पावसाळा लागला की हा फॉरवर्ड हमखास येतो: गाडीत वाटीभर तांदूळ ठेवा, रात्रीत ओल आणि कुबट वास गायब.

तांदूळ ओल धरतो हे खरंच; म्हणून तर मिठाच्या डबीत आपण चार दाणे टाकतो. प्रश्न मापाचा आहे. बंद गाडीतल्या हवेत वाफ जेमतेम शंभरेक ग्रॅम. खरं पाणी मुरलेलं असतं पायाखालच्या गालिच्यात आणि त्याखालच्या फोममध्ये, आणि ते हवेत येतच राहतं. खात्री करायचीय? वाटी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला, रात्रभर गाडीत ठेवा, सकाळी पुन्हा तोला. फरक थोड्या ग्रॅमचाच निघेल. मग मॅट उचलून गालिच्यावर वर्तमानपत्र दाबून धरा. कागद भिजला तर मूळ सापडलं.

तांदळाऐवजी मीठ ठेवावं म्हणाल, तर हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर गेली की मिठाला पाणी सुटतं. जुलैत कोकणात ती मिठाची वाटी गाडीत सांडली तर पत्र्याला गंज. खायचा सोडा काही आंबट वास कमी करतो, ओल नाही.

मॅट घरात पंख्याखाली वाळवा, एसी चालवा. एसी हवेतलं पाणी काढून गाडीखाली ठिबकवतो. पावसाळ्यातही थेंब दिसत नसतील तर ते पाणी बाहेर सोडणारी नळी तुंबली असेल, आणि तेच पाणी पुढच्या सीटच्या पायाशी उतरत असेल.