कायरोप्रॅक्टरकडे जावे की नाही: एका प्रश्नामागचा सव्वाशे वर्षांचा इतिहास

पाठीत उसण भरून दोन-तीन आठवडे उलटले, वेदनाशामक गोळ्यांनी तात्पुरते बरे वाटून पुन्हा दुखू लागले आणि तपासणीत फारसे काही निघाले नाही, की कोणीतरी कायरोप्रॅक्टरचे, म्हणजे पाठीचे मणके हाताने दाबून किंवा झटका देऊन उपचार करणाऱ्याचे, नाव सुचवते. लगोलग दुसरे कोणीतरी सांगते की ते सगळे थोतांड आहे, चुकूनही जाऊ नका. दोघेही ठामपणे बोलतात आणि दोघांच्याही बोलण्यात काही तथ्य असते, कारण ते वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलत असतात. कायरोप्रॅक्टिक या एकाच शब्दाखाली एक सिद्धान्त आणि एक हस्तकौशल्य अशा दोन गोष्टी नांदतात. त्या एकत्र कशा आल्या आणि आजवर का सुटल्या नाहीत, हे कळले की निर्णयाची बरीच गुंतागुंत कमी होते.

ही पद्धत जन्माला आली ती पाठदुखीसाठी नव्हे. १८९५ साली अमेरिकेतील आयोवा राज्यातल्या डॅव्हनपोर्ट गावी डॅनियल डेव्हिड पामर नावाचे गृहस्थ चुंबकीय उपचारांचा व्यवसाय करीत होते. मूळचे कॅनडातले पामर यांनी त्याआधी शाळामास्तरकी, मधमाशीपालन आणि किराणा दुकान असे बरेच उद्योग करून पाहिले होते. त्यांच्या इमारतीत साफसफाईचे काम करणारे हार्वे लिलार्ड यांना सतरा वर्षांपासून नीट ऐकू येत नव्हते. अवघडून वाकून काम करताना पाठीत काहीतरी सरकल्याचे जाणवले आणि तेव्हापासून ऐकू येईनासे झाले, असे लिलार्ड यांनी सांगितल्याचे पामर लिहितात. पामर यांनी त्यांची पाठ चाचपली, एक मणका बाहेर आल्यासारखा लागला, तो त्यांनी हाताने दाबून 'जागेवर बसवला' आणि लिलार्ड यांना पूर्वीसारखे ऐकू येऊ लागले, अशी ही मूळ कथा आहे. लिलार्ड यांच्या मुलीने पुढे सांगितलेली हकिगत निराळीच आहे: पामर यांनी गप्पांच्या ओघात, एका विनोदावर, लिलार्ड यांच्या पाठीवर पुस्तकाने थाप मारली होती. कोणतीही हकिगत खरी धरली तरी अडचण एकच उरते. ऐकण्याची नस अंतर्कर्णातून कवटीच्या आतल्या आतच मेंदूकडे जाते. पाठीच्या मणक्यांमधून ती जातच नाही.

हाताने सांधे बसवणे ही पामर यांची कल्पना नव्हती. हाडवैद्य जगात सर्वत्र होते, आणि १८६७ साली जेम्स पॅजेट या नामवंत ब्रिटिश शल्यचिकित्सकाने आपल्या व्यवसायबंधूंना उद्देशून दिलेल्या व्याख्यानाचा विषयच 'हाडवैद्य बरे करतात ते रुग्ण' असा होता. अँड्र्यू टेलर स्टिल यांनी ऑस्टिओपॅथीची, म्हणजे हाडे-सांधे हाताने हाताळून उपचार करण्याच्या दुसऱ्या एका पद्धतीची, शाळा १८९२ मध्ये मिसुरी राज्यात उघडलेली होती. पामर यांनी नवीन घातली ती त्यामागची उपपत्ती. मणके किंचित सरकतात, त्यांनी नसा दबतात, नसांमधून वाहणारी शरीराची 'उपजत प्रज्ञा' अडते आणि त्यातून रोग होतात, असे ते म्हणत. या सरकण्याला त्यांनी 'सब्लक्सेशन' म्हटले आणि शंभरातील ९५ रोगांचे मूळ सरकलेल्या मणक्यांत आहे, असे १९१०च्या आपल्या ग्रंथात लिहून ठेवले. ग्रीक भाषेतील 'हात' आणि 'कृती' या अर्थाच्या शब्दांवरून 'कायरोप्रॅक्टिक' हे नावही त्यांना एका ओळखीच्या पाद्र्याने सुचवलेले होते.

एवढी मोठी उपपत्ती एखाद्या पिढीत विरून जायला हवी होती. ती टिकली, आणि माझ्या मते त्याचे एक मोठे कारण वैद्यकात नसून कोर्टकचेरीत सापडते. परवान्याशिवाय वैद्यकी केल्याच्या आरोपावरून कायरोप्रॅक्टरांवर सर्रास खटले भरले जात. खुद्द पामर १९०६ मध्ये दंड भरण्याचे नाकारून तुरुंगात गेले होते. पुढच्याच वर्षी विस्कॉन्सिन राज्यात शेगाटारो मोरिकुबो या कायरोप्रॅक्टरवरील खटल्यात बचावपक्षाने असा युक्तिवाद केला की हे वैद्यक नाही, ऑस्टिओपॅथीही नाही. याचे तत्त्वज्ञान, याचे शास्त्र, याची कला सर्वस्वी वेगळी आहे. मोरिकुबो निर्दोष सुटले. त्या दिवसापासून 'आमचे तत्त्व वेगळे आहे' हे म्हणणे व्यवसायाचे कायदेशीर चिलखतच झाले. जो सिद्धान्त तुम्हाला तुरुंगाबाहेर ठेवतो तो पुराव्याअभावी सोडून देणे कोणालाही जड जाणारच.

पामर यांचे पुत्र बी. जे. पामर यांनी व्यवसायाला बाजारपेठ मिळवून दिली. १९१० मध्ये त्यांनी शाळेत क्ष-किरण यंत्र आणले, जेणेकरून सरकलेला मणका 'दाखवता' यावा. १९२४ मध्ये त्यांनी न्यूरोकॅलोमीटर नावाचे उपकरण पुढे केले. कण्याच्या दोन बाजूंच्या त्वचेच्या तापमानातील फरकावरून दबलेली नस ओळखू येते असा त्याचा दावा होता, आणि ते विकत न देता भाड्याने दिले जाई. यावरून त्यांचे स्वतःचे सहकारीही दुरावले. केवळ मणके बसवणारे कट्टर पंथीय आणि व्यायाम, शेक, मसाज यांची जोड देणारे मिश्र पंथीय अशी फूट या व्यवसायात आधीपासूनच होती. ती आजही पूर्ण बुजलेली नाही, आणि रुग्णाच्या दृष्टीने ती बारीकसारीक बाब नव्हे. एकाच पाटीमागे बसलेले दोन कायरोप्रॅक्टर अगदी भिन्न गोष्टी करत असू शकतात, त्याचे मूळ इथे आहे.

परवान्याचा कायदा सर्वप्रथम १९१३ मध्ये कॅन्सस राज्याने केला आणि सर्वांत शेवटी, १९७४ मध्ये, लुइझियानाने. याच काळाच्या अखेरीस अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९६३ मध्ये भोंदूवैद्यकी-विरोधी समिती नेमून या व्यवसायाचा बीमोड करण्याचा रीतसर प्रयत्न केला. डॉक्टरांनी कायरोप्रॅक्टरांशी व्यावसायिक संबंध ठेवणे नीतिबाह्य ठरवण्यात आले. शिकागोचे चेस्टर विल्क आणि त्यांच्या काही व्यवसायबंधूंनी १९७६ मध्ये मक्तेदारीविरोधी कायद्याखाली दावा लावला, आणि १९८७ मध्ये न्यायाधीश सुसान गेटझेंडॅनर यांनी असोसिएशनला बेकायदा बहिष्काराबद्दल दोषी ठरवले. हा निकाल कायरोप्रॅक्टिकच्या शास्त्रीयतेचा दाखला म्हणून अजूनही पुढे केला जातो. तो तसा नाही. असा शिक्का न्यायालयाने द्यावा ही वादींची इच्छा न्यायाधीशांनी मान्य केली नव्हती. बहिष्कार घालणे गैर होते, एवढाच निर्णय झाला.

तरीही लोक जात राहिले, कारण दुसऱ्या बाजूकडे देण्यासारखे फार काही नव्हते. १९३४ मध्ये बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या डॉक्टरांनी दोन मणक्यांमधल्या सरकलेल्या गादीचा नसेवर येणारा दाब आणि त्यावरची शस्त्रक्रिया यांचे वर्णन केले आणि पाठदुखीला एक ठोस, कापून काढता येणारे कारण मिळाल्यासारखे वाटले. पण बहुतेक पाठदुखीत असे एकच कारण बोट ठेवून दाखवता येत नाही. उरलेल्यांना अंथरुणाला खिळून राहण्याचा सल्ला मिळे. १९८६ मध्ये रिचर्ड डेयो आणि सहकाऱ्यांनी दोन दिवसांची आणि सात दिवसांची विश्रांती यांची तुलना केली, तेव्हा सात दिवसांनी काहीही जास्त साधले नव्हते. मान्यताप्राप्त वैद्यक रुग्णांना झोपवून ठेवत होते आणि ज्याला भोंदू म्हटले जाई तो त्यांना टेबलावरून उठवून चालायला लावत होता, हा विरोधाभास नजरेआड करता येत नाही. 'मणक्यात गॅप आहे' या वाक्याचेही तसेच: पाठ मुळीच न दुखणाऱ्या लोकांच्या स्कॅनमध्येही विशीतल्या सुमारे ३७ टक्क्यांत आणि ऐंशीतल्या ९६ टक्क्यांत गादीची झीज दिसते, असे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात आढळले. झीज दिसणे म्हणजे दुखण्याचे कारण सापडणे नव्हे, मग तो फोटो डॉक्टरांनी दाखवलेला असो की कायरोप्रॅक्टरने.

हस्तकौशल्याची स्वतंत्र तपासणी सुरू झाली ती या पार्श्वभूमीवर. १९९४ मध्ये अमेरिकेच्या सरकारी मार्गदर्शिकेने नव्याने उद्भवलेल्या पाठदुखीत पहिल्या महिन्यात मणक्यांवरील हस्तोपचार उपयोगी पडू शकतात, असे म्हटले. २०१७ मध्ये २६ चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यात अशा दुखण्यात वेदना मोजण्याच्या शंभर अंकी मापावर सरासरी दहाएक अंकांचा आराम दिसला. जुनाट पाठदुखीबाबत २०१९च्या आढाव्यात ४७ चाचण्यांतील नऊ हजारांहून अधिक रुग्णांची माहिती तपासली गेली आणि परिणाम व्यायामासारख्या इतर शिफारसप्राप्त उपचारांइतकाच निघाला. ब्रिटनच्या २०१६च्या मार्गदर्शक सूचना हा उपचार व्यायामाच्या जोडीनेच द्यावा, एकटा नव्हे, असे सांगतात. फायदा आहे, तो माफक आहे, आणि तसाच फायदा हस्तोपचार शिकलेल्या फिजिओथेरपिस्टकडूनही मिळू शकतो.

उपचाराच्या वेळी होणारा 'कट्' असा आवाज ऐकून मणका जागेवर बसला असे वाटणे स्वाभाविक आहे. हा आवाज सांध्यातल्या द्रवात दाब एकाएकी कमी होऊन वायूची पोकळी तयार होण्याशी संबंधित आहे; बोटे मोडताना येतो तोच हा आवाज. हाड सरकून परतल्याची ती खूण नाही. ब्रिटनमधील कायरोप्रॅक्टरांच्या वैधानिक नियामक परिषदेनेच २०१० मध्ये सब्लक्सेशन ही ऐतिहासिक संकल्पना असून तिला वैद्यकीय पुराव्याचा आधार नसल्याचे जाहीर केले.

त्यामुळे दवाखान्यात बसल्यावर समोर येणाऱ्या गोष्टींचे वय ओळखता येते. काही गंभीर संशय नसताना पहिल्याच भेटीत संपूर्ण कण्याचे क्ष-किरण चित्र काढणे ही १९१०ची परंपरा आहे. दुखणे थांबल्यावरही कणा 'जुळवून' ठेवण्यासाठी वर्षभराच्या भेटींचे पॅकेज, दमा किंवा कानाच्या विकारांवर उपचार, तान्ह्या बाळाचे मणके बसवणे, हे सगळे त्या ९५ टक्क्यांच्या दाव्याचे वंशज आहेत. उलट, नीट प्रश्न विचारून तपासणी करणारा, व्यायाम शिकवणारा, चार-सहा भेटींत फरक न पडल्यास थांबू असे सांगणारा आणि गरज वाटल्यास डॉक्टरांकडे पाठवणारा कायरोप्रॅक्टर चाचण्यांतून पुढे आलेले तेवढे काम करतो. अशा माणसाकडे साध्या पाठदुखीसाठी जाण्यात मला काही गैर दिसत नाही.

धोक्यांचा हिशेबही दुखण्याच्या जागेवर अवलंबून आहे. कमरेच्या हस्तोपचारानंतर एक-दोन दिवस अंग ठणकणे किंवा आखडणे हे वारंवार घडते. गंभीर इजा दुर्मीळ आहे. मानेला जोरात झटका देण्याच्या प्रकाराचा संबंध मात्र मेंदूकडे जाणाऱ्या धमनीच्या अस्तराला चीर पडून होणाऱ्या पक्षाघाताशी जोडला गेला आहे. अशा घटना विरळा असल्या आणि कार्यकारणभावाबद्दल वाद असला, तरी कमरेच्या दुखण्यासाठी गेलेल्याने मानेला हात लावू देण्याचे कारण नाही, आणि तसे आधीच सांगून ठेवता येते. हाडे ठिसूळ झालेली असणे, पूर्वी कर्करोग झालेला असणे, ताप किंवा विनाकारण वजन घटणे, पडल्या-झडल्यानंतर सुरू झालेले दुखणे, पायातली ताकद कमी होत जाणे, यांपैकी काहीही असेल तर आधी डॉक्टरांची तपासणी व्हायला हवी. जांघेत व बैठकीच्या जागी बधिरपणा आला किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर मात्र भेटीची वेळ घेण्यात न थांबता त्याच दिवशी रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात पोहोचायचे असते, कारण तिथे दबलेल्या नसा काही तासांत मोकळ्या कराव्या लागू शकतात.