पुरुषांचा स्कर्ट

पुरुषांचा स्कर्ट : कमरेभोवती गुंडाळलेले किंवा शिवून बसवलेले, दोन्ही पायांना मिळून एकच घेर असलेले आणि पायांमधून न विभागलेले पुरुषाचे अधोवस्त्र. या व्याख्येत दक्षिण आशियातील लुंगी, केरळातील मुंडू, तमिळनाडूतील वेष्टी, ब्रह्मदेशातील लाँजी, फिजीतील सुलू, स्कॉटलंडमधील किल्ट आणि ग्रीसमधील फुस्तानेला ही परंपरागत वस्त्रे येतात, तसाच विसाव्या शतकाच्या अखेरीपासून युरोप-अमेरिकेतील काही पुरुषांनी रोजच्या वापरासाठी स्वीकारलेला शिवलेला स्कर्टही येतो. या नोंदीत उत्सव, रंगमंच आणि लष्करी संचलन यांपेक्षा रस्ता, बस, आगगाडी आणि कचेरी येथील वापराचा विचार मुख्यतः केला आहे. सणासमारंभात समाज कोणताही वेश खपवून घेतो. तोच वेश करून माणूस सकाळच्या गाडीत बसला आणि शेजारच्या प्रवाशाने वर्तमानपत्रातून मान वर काढली नाही, तरच त्या वस्त्राला त्या समाजात जागा आहे असे म्हणता येते.

मराठीत अशा वस्त्रांसाठी क्रियापदच वेगळे आहे. पँट आपण घालतो. धोतर, लुंगी आणि लुगडे मात्र नेसतो. नेसण्याचेही दोन प्रकार परंपरेने मानले आहेत : काष्टा किंवा कासोटा मागे खोचलेले सकच्छ आणि न खोचलेले विकच्छ, म्हणजेच बोलीत ‘गोल’. कासोट्याचे धोतर आणि काष्ट्याचे नऊवारी लुगडे ही दोन्ही पाय वेगळे करणारी नेसणे असल्यामुळे ती वरील व्याख्येत बसत नाहीत. लुंगी आणि कमरेला गुंडाळलेला पंचा मात्र बसतात. धर्मशास्त्रीय ग्रंथांत कासोटा नसलेल्या पुरुषाची गणना नग्नांत केलेली आढळते, आणि कर्माला बसताना कासोटा सुटू न देण्याचा आग्रह त्यातूनच आला आहे. महाराष्ट्रात लुंगी घराच्या उंबऱ्यापाशी अडली, त्यामागे या जुन्या आग्रहाचा काही भाग असावा. चाळीच्या गॅलरीत दात घासत उभा असलेला माणूस लुंगीवर सगळ्या शेजाऱ्यांशी गप्पा मारतो, पण लोकल पकडायला निघताना तो पँट चढवल्याशिवाय जिना उतरत नाही. याउलट पहाटे दारोदार फिरणारा वासुदेव आणि देवीचा जागर मांडणारा गोंधळी यांचा पायघोळ, घेरदार झगा गावाने पिढ्यान्‌पिढ्या आदराने पाहिला आहे. घेरदार वस्त्र पुरुषाला शोभत नाही ही समजूत मराठी मुलखाची मूळची नाही, हे त्यावरून दिसते.

इतिहासात पुरुषाच्या अंगावर विजारीपेक्षा गुंडाळलेले वस्त्र आधी दिसते. प्राचीन ईजिप्तमध्ये कमरेचे आखूड वस्त्र राजापासून मजुरापर्यंत सर्वांचे होते, आणि ग्रीक व रोमन पुरुष अंगरख्यासारख्या वस्त्रांत वावरत. विजार आली ती मुख्यतः घोड्यामुळे. आजवर सापडलेल्या सर्वांत जुन्या विजारी चीनच्या शिंजियांग प्रांतातील यांगहाय येथील थडग्यांतल्या असून त्या सुमारे ३,००० वर्षांपूर्वीच्या, लोकरीच्या आणि घोडेस्वारीला सोयीच्या अशा बेतलेल्या आहेत. रोमनांना विजार हा रानटी टोळ्यांचा पोशाख वाटे. चौथ्या शतकाच्या अखेरीस रोम शहरात ती घालून फिरण्यास सम्राटाच्या आज्ञेने मनाई करण्यात आली होती. जपानमधील हाकामा या वस्त्राचे आजही दोन प्रकार आहेत. त्यांपैकी पाय विभागलेल्या प्रकाराच्या नावाचा अर्थ ‘घोड्यावर बसण्याचा’ असा होतो. दुसरा प्रकार सरळ स्कर्टासारखा, अखंड घेराचा आहे. विजार म्हणजे पुरुष आणि स्कर्ट म्हणजे स्त्री हे समीकरण मूळचे शरीराचे नसून वाहनाचे आहे. प्रवासाच्या एका साधनाने जे घडवले, त्याला पुढे कायद्याने, गणवेशाने आणि कचेरीच्या नियमाने मर्यादेचे रूप दिले.

युरोपात या वस्त्राची सर्वांत सलग आणि सर्वांत वेदनादायक कहाणी किल्टची आहे. स्कॉटलंडच्या डोंगराळ उत्तर भागातील पुरुष सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून लोकरीचे मोठे पांघरूण कमरेला पट्ट्याने आवळून, उरलेला भाग खांद्यावर टाकून वापरीत. त्याच पांघरुणात रात्री झोपत. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याचा खालचा अर्धा भाग वेगळा होऊन निऱ्यांचा आखूड किल्ट प्रचारात आला. १७४५ च्या जॅकोबाइट उठावानंतर, म्हणजे पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याच्या समर्थकांच्या बंडानंतर, ब्रिटिश संसदेने १७४६ मध्ये कायदा करून स्कॉटलंडमधील पुरुषांना आणि मुलांना हा वेश करण्यास बंदी घातली. पहिल्या गुन्ह्यास सहा महिने कैद आणि दुसऱ्यास सात वर्षे सागरापार हद्दपारी अशी शिक्षा त्यात होती. सरकारच्या पलटणींतील सैनिकांना मात्र सूट होती. ज्या वेशासाठी घरच्या माणसाला तुरुंग, तोच वेश राजाच्या चाकरीत मान्य, अशी ही विभागणी जवळजवळ ३६ वर्षे टिकली आणि १७८२ मध्ये कायदा रद्द झाला. तोवर एक अख्खी पिढी किल्टशिवाय वाढली होती. १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला, तेव्हा कादंबरीकार वॉल्टर स्कॉट याच्या योजनेने भरलेल्या समारंभांत किल्टला राष्ट्रीय वेशाचा मान मिळाला. तो मान खरा असला, तरी शेतात आणि वाटेवर वापरायचे वस्त्र त्यामुळे समारंभाचे झाले ही त्याची दुसरी बाजू आहे. आजही बहुसंख्य स्कॉटिश पुरुष किल्ट घालतात ते लग्नाला किंवा रग्बीच्या सामन्याला, आणि रोज घालणारे थोडे आहेत.

तरीही सामन्याच्या दिवशी एडिंबरोच्या मरेफील्ड मैदानाकडे जाणाऱ्या गाड्यांत किल्टधारी पुरुषांची गर्दी असते आणि तिथे त्याकडे कोणी वळून पाहत नाही. किल्टची रचना त्या वेळी जवळून पाहण्याजोगी असते. चांगल्या किल्टला सुमारे आठ वार, म्हणजे सात मीटरांहून अधिक लोकरी कापड लागते. त्यातले बहुतेक कापड मागच्या निऱ्यांत जाते आणि पुढे दोन सपाट पदर एकमेकांवर येऊन उजव्या कमरेशी चामडी पट्ट्याने बांधले जातात. निऱ्या अशा मोजून घालतात की टार्टनच्या चौकडीची नक्षी मागेही अखंड दिसावी. सवयीचा माणूस बाकावर बसताना तळहात मागून खाली फिरवून निऱ्या मांड्यांखाली सपाट करतो, मगच टेकतो. साडी नेसलेली बाई बसमध्ये बसताना जसा पदर आणि निऱ्या सावरते, तीच ही हालचाल आहे. वस्त्राला खिसा नसल्यामुळे पुढे लोंबणारी स्पॉरन ही चामड्याची थैली पैशांसाठी असते, आणि बसल्यावर तिच्या वजनाने पुढचा पदर मांड्यांमध्ये दबून राहतो. पदराच्या खालच्या कोपऱ्याला लावलेली पिन फक्त वरच्या पदरातून जाते, कारण दोन्ही पदर टाचले तर चालताना कापड ताणून फाटते.

दक्षिण आणि आग्नेय आशियात हे वस्त्र समारंभापुरते उरले नाही, आणि या विषयाचा खरा गाभा इथे आहे. केरळात पांढरा, काठाचा मुंडू हा कचेरीपासून विधिमंडळापर्यंत चालणारा वेश असून रंगीत किंवा चौकड्याची लुंगी कामाच्या आणि घरच्या वापराची मानली जाते. उन्हात चालताना, बसची पायरी चढताना किंवा चिखलातून जाताना माणूस किंचित वाकून खालची दोन टोके चिमटीत धरतो, एका झटक्यात वर उचलतो आणि कमरेला बांधतो, की वस्त्र गुडघ्यापर्यंत येते. वाटेत वडीलधारे कोणी भेटले की ती गाठ सोडून तो मुंडू पुन्हा घोट्यापर्यंत सोडतो. न बोलता केलेला हा नमस्कारच असतो. ब्रह्मदेशात सुमारे दोन मीटर कापडाची गोल शिवलेली लाँजी विद्यार्थी, कारकून, मंत्री सगळेच वापरतात. पुरुष ती पुढे पोटापाशी पिळून खोचतात, स्त्रिया बाजूला. धावण्याचे किंवा चेंडू खेळण्याचे काम आले की पुरुष पुढचा घोळ पायांमधून मागे नेऊन खोचतात, म्हणजे आपला कासोटाच घालतात. एकच वस्त्र गरजेप्रमाणे गोलही होते आणि सकच्छही. शिवलेल्या पँटीला हे साधत नाही. फिजीत तर एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती धर्म स्वीकारल्याची खूण म्हणून सुलू रूढ झाला आणि आज खिसे असलेला, इस्त्रीचा सुलू कोट-टायखाली कचेरीत घालतात. तिथल्या पोलिसांच्या समारंभी सुलूची खालची किनार करवतीच्या दातांसारखी कापलेली असते.

ज्या प्रदेशांत हे वस्त्र बहुसंख्यांचे आहे, तिथेही विशिष्ट जागी ते अडवले जाते, आणि तेव्हा प्रश्न स्त्री-पुरुषभेदाचा नसून गरीब-श्रीमंत भेदाचा असतो. ढाक्यातील बारिधारा या श्रीमंत वसाहतीच्या रहिवासी संस्थेने लुंगी नेसलेल्या सायकलरिक्षावाल्यांना वसाहतीत येण्यास मज्जाव केला, तेव्हा एप्रिल २०१३ मध्ये तरुणांनी लुंग्या नेसून तिकडे मोर्चा नेला. दिवसभर पायडल मारणाऱ्या माणसाला लुंगीइतके मोकळे आणि स्वस्त वस्त्र दुसरे नाही. ती बंदी त्याच्या पोटावरच होती. चेन्नईत जुलै २०१४ मध्ये वेष्टी नेसलेल्या एका उच्च न्यायालयीन न्यायमूर्तींना क्लबात प्रवेश नाकारला गेला, आणि त्याच वर्षी तमिळनाडू विधानसभेने सार्वजनिक स्थळी वेष्टीमुळे कोणाला अडवणे हा गुन्हा ठरवणारा कायदा केला. त्यात परवाना रद्द करण्याबरोबर एक वर्षापर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड यांची तरतूद आहे. न्यायमूर्तींना अडवल्यावर कायदा लगेच झाला. रिक्षावाल्याला मात्र रस्त्यावर उतरणाऱ्यांची साथ लागली, ही तुलना विसरता येण्याजोगी नाही.

युरोपात हा प्रश्न अलीकडे पुढे आला तो फॅशनपेक्षा उकाड्यामुळे, आणि तोही वाहने चालवणाऱ्यांमुळे. जून २०१३ मध्ये स्टॉकहोमच्या उत्तरेकडील रोसलाग्सबानन या उपनगरी मार्गावरील डझनभर पुरुष रेल्वेचालक स्कर्ट घालून कामावर आले. गणवेशाच्या नियमात हाफ पँटला परवानगी नव्हती, स्कर्टला होती, आणि इंजिनाच्या केबिनमधले तापमान ३५ अंशांपर्यंत जात असे. चालवणाऱ्या कंपनीने त्यांना रोखले नाही. स्त्रियांना चालणारा गणवेश पुरुषांना नाकारणे हा भेदभाव ठरेल अशी भूमिका तिने घेतली. जून २०१७ च्या उष्णतेच्या लाटेत फ्रान्समधील नांत शहराच्या बसचालकांनी हेच केले, आणि त्याच सुमारास इंग्लंडमधील एक्सेटर येथील एका शाळेतील मुलेही हाफ पँटची परवानगी मिळावी म्हणून मुलींच्या गणवेशातले स्कर्ट घालून वर्गात आली. या तिन्ही ठिकाणी मागणी हाफ पँटची होती, स्कर्टची नव्हती, हे नोंदवणे आवश्यक आहे. तरी नियमाच्या पुस्तकात कोणते वस्त्र कोणासाठी लिहिले आहे हे एका उन्हाळ्यात उघडे पडले. स्पेनमध्ये मात्र कारण वेगळे होते. बिल्बाओत २०२० मध्ये स्कर्ट घालून शाळेत आलेल्या एका मुलावर कारवाई झाल्यावर त्याच्या पाठिंब्यासाठी देशभर मुलगे, आणि पुढे काही पुरुष शिक्षकही, स्कर्ट घालून शाळांत गेले.

स्त्रियांच्या विजारीशी या घटना ताडून पाहण्याजोग्या आहेत. पॅरिसमध्ये १८०० साली निघालेल्या आदेशानुसार स्त्रीला विजार घालायची तर पोलिसांची परवानगी लागे. पुढे १८९२ आणि १९०९ मध्ये त्यात सवलत आली ती हाती घोड्याचा लगाम किंवा सायकलचा दांडा असेल तरच. हा आदेश निरर्थक ठरल्याचे सरकारने अधिकृतपणे जाहीर केले ते २०१३ मध्ये. स्त्रीला विजार मिळाली तीही वाहनावर बसूनच.

फॅशनच्या क्षेत्रात फ्रेंच वेशकार झाँ-पॉल गोतिए याने १९८० च्या दशकाच्या मध्यास पुरुषांसाठी स्कर्ट मांडले, आणि न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन कलासंग्रहालयात २००३ मध्ये या विषयावर स्वतंत्र प्रदर्शन भरले. रोजच्या वापराच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचा ठरला तो सिॲटल येथे २००० च्या सुमारास तयार होऊ लागलेला जाड सुती कापडाचा, मोठ्या खिशांचा कामाचा किल्ट. सुतार, तंत्रज्ञ यांनी तो उचलला, कारण त्यात हत्यारे मावतात.

प्रवासातील अडचणी खऱ्या आहेत, पण त्या साऱ्या सवयीने सुटणाऱ्या आहेत. पायघोळ वस्त्र सायकलच्या साखळीत आणि सरकत्या जिन्याच्या कडेला अडकते, म्हणून ते गुडघ्यापर्यंत दुमडून घ्यावे लागते. पुरुषी सायकलच्या आडव्या दांड्यामुळे घेर वर चढतो. रेल्वेच्या फलाटावर गाडी वेगाने गेली की वाऱ्याने हलके कापड उडते. लोकरी किल्टचे वजन किंवा लुंगीची दुहेरी घडी त्यावर पुरेशी ठरते. किल्टसोबत मोज्यात खोचायची छोटी सुरी विमानात जवळ बाळगता येत नाही, ती सामानात द्यावी लागते. लुंगी नेसणाऱ्यांची जुनी कनवट गर्दीत पुरेशी नाही, म्हणून केरळी आणि तमिळी प्रवासी आत खिशाची चड्डी घालतात किंवा कमरेला खिसे असलेला रुंद पट्टा बांधतात.

यापेक्षा कठीण अडचण इतर माणसांची असते. किल्ट घातलेल्या पुरुषाला आत काय घातले आहे असे अनोळखी लोक उघडपणे विचारतात, आणि पबमध्ये किंवा लग्नाच्या मेजवानीत मागून किल्ट उचलून पाहण्यापर्यंत मजल जाते. पुरुषाच्या बाबतीत याला थट्टा समजण्याची रीत आहे आणि ती चुकीची आहे. अशा जागी वाढप्याचे काम करणाऱ्या तरुणाला तो वेश कामाचा भाग म्हणून घालावा लागतो, आणि हात झटकल्यास नोकरी जाण्याची भीती असते. स्कॉटलंडने २०१० मध्ये लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्यात दुरुस्ती करून संमतीवाचून कोणाच्या वस्त्राखालचे छायाचित्र घेणे गुन्हा ठरवले. त्या तरतुदीत स्त्री-पुरुष असा भेद नाही. स्कर्टइतकेच किल्टलाही तिचे संरक्षण आहे.