नेटवर्क प्रिंटरची सुरक्षा

कार्यालयातील अनेक संगणकांनी मिळून वापरायच्या छपाईयंत्राकडे काम कोणी व कोणत्या मार्गाने पाठवावे, यंत्राच्या साठवणीत काय व किती काळ राहावे आणि त्याची मांडणी बदलण्याचा अधिकार कोणाला असावा, हे ठरवणाऱ्या सेटिंगांना व नियमांना मिळून ही संज्ञा लावतात. आजच्या बहुउद्देशी यंत्रात छपाईबरोबर स्कॅनिंग, झेरॉक्स आणि ईमेल यांचीही सोय असते. मोठ्या यंत्रांत स्वतःची हार्ड डिस्क व स्वतःचा वेब सर्व्हरही असतो, म्हणून संरक्षणाच्या दृष्टीने ते यंत्र संगणकच मानावे लागते.

संज्ञाविचार : लेखी मराठीत ‘मुद्रक’, ‘मुद्रणयंत्र’ आणि ‘प्रिंटर’ असे तिन्ही शब्द आढळतात. पैकी ‘मुद्रक’ हा मूळचा माणसाचा वाचक आहे. १८३१ मध्ये मुंबईत शिळाछापावर मराठी पंचांग छापणारे गणपत कृष्णाजी हे मुद्रक होते. पुढे १८६७ च्या मुद्रणालये व पुस्तक नोंदणीविषयक कायद्याने छापील मजकुरावर छापणाऱ्याचे नाव व छपाईचे ठिकाण देणे बंधनकारक केले आणि ‘मुद्रक’ हा शब्द मराठी पुस्तकांच्या श्रेयपृष्ठावर कायमचा रुजला. तोच शब्द यंत्रासाठी वापरल्यास ‘मुद्रकाचे अधिकार’ म्हणजे माणसाचे की उपकरणाचे, असा संदेह राहतो, म्हणून या नोंदीत ‘प्रिंटर’ हेच रूप स्वीकारले आहे.

‘सुरक्षित मुद्रण’ या शब्दप्रयोगाने याहून मोठा घोटाळा होतो. नोटा, मुद्रांक अशा बनावट करण्यास कठीण वस्तूंची छपाई हा त्याचा जुना अर्थ. नाशिकरोडच्या भारत प्रतिभूती मुद्रणालयाच्या नावात तर ‘सिक्युरिटी’चे मराठी रूप ‘प्रतिभूती’ आहे, जे मौल्यवान कागदपत्रांकडे निर्देश करते. प्रिंटरच्या मेनूत मात्र हाच शब्द पिन टाकेपर्यंत काम रोखून धरण्याला लावलेला असतो, आणि काही लेखक तो संगणक ते प्रिंटर हा प्रवास सांकेतिक (एन्क्रिप्टेड, म्हणजे मध्येच कोणाला वाचता न येणारा) करण्यालाही लावतात. हे दोन संरक्षणाचे वेगवेगळे थर आहेत. पिन लावलेले पगारपत्रक ट्रेमध्ये उघडे पडून राहत नाही, परंतु तारेतून जाताना ते साध्या मजकुरासारखे वाचता येऊ शकते. पिनच्या अर्थास ‘रोखून छपाई’ व प्रवासाच्या अर्थास ‘सांकेतिक वहन’ म्हणणे अधिक नेमके ठरेल.

उगम : नेटवर्क प्रिंटरचा आरंभ कोठे मानावा, याविषयी एकमत नाही. काही जण तो १९७० च्या दशकाच्या मध्यास झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रात, ईथरनेटवर चालणाऱ्या प्रायोगिक लेझर यंत्रात पाहतात. काही १९८५ च्या ॲपल लेझररायटरला तो मान देतात. सुरक्षेच्या इतिहासासाठी मात्र १९९१ च्या सुमारास नेटवर्क कार्डासह आलेली ह्यूलेट-पॅकार्डची यंत्रे अधिक महत्त्वाची वाटतात. याच परंपरेतून पोर्ट ९१०० (पोर्ट म्हणजे यंत्राच्या नेटवर्क-जोडणीचे क्रमांकित दार) हा मार्ग रूढ झाला, ज्यावर आलेले बाइट प्रिंटर सहसा काहीही न विचारता स्वीकारतो. त्याआधीच्या, ऑगस्ट १९९० मध्ये लिहून काढलेल्या एलपीडी या नेटवर्कवरून छपाईची कामे पाठवण्याच्या पद्धतीतही (पोर्ट ५१५) पाठवणाऱ्याची खरी ओळख पटवण्याची सोय नव्हती.

मुख्य सेटिंगे : पोर्ट ९१०० वरून केवळ मजकूर जात नाही, तर पीजेएल या आज्ञाभाषेतील सूचनाही जातात, त्यांनी पॅनेलवरचा संदेश बदलता येतो आणि काही यंत्रांत साठवणीतील फाइलींची यादीही मागता येते. पीजेएलचे संरक्षण म्हणजे १ ते ६५,५३५ यांमधील एक संख्या, म्हणजे संगणकाला थोड्या वेळात मोजून संपवता येईल इतकीच. म्हणून हा मार्ग छपाई-सर्व्हरपुरता मर्यादित करून इतरांसाठी बंद ठेवणे आणि कामे आयपीपी या नेटवर्क-छपाईच्या नियमसंचाच्या सांकेतिक रूपाने (पोर्ट ६३१) पाठवणे श्रेयस्कर.

नेटवर्कवरील यंत्रांच्या देखरेखीसाठीच्या एसएनएमपी या नियमसंचाच्या पहिल्या दोन आवृत्त्यांत ‘कम्युनिटी’ नावाचा शब्द पासवर्डासारखा वापरला जातो. प्रिंटरचा आयपी पत्ता ब्राउझरमध्ये टाकून नेटवर्कचे पान उघडले की या रकान्यात पुष्कळदा कारखान्यातून आलेला ‘पब्लिक’ हाच शब्द तसाच दिसतो. लिहिण्याचा अधिकार असलेली कम्युनिटी अशीच उघडी असेल, तर १९९५ मध्ये प्रमाणित झालेल्या, प्रिंटरची स्थिती व सेटिंगे मांडणाऱ्या माहितीसारणीतील एका नोंदीचे मूल्य बदलून ती सोय पाळणारे यंत्र मूळ स्थितीत नेता येते. त्याबरोबर आपण टाकलेले पासवर्डही जाऊ शकतात. तिसरी आवृत्ती या दोषावर उपाय आहे.

पत्तावहीचा धोका त्यामानाने कमी ओळखला जातो. स्कॅन थेट ईमेलवर वा फोल्डरात जावे आणि त्यासाठीचे पत्ते कार्यालयाच्या सर्व्हरवरील सामायिक पत्तावहीतून शोधता यावेत म्हणून यंत्रात एका खात्याचे नाव व पासवर्ड साठवलेले असतात. प्रशासकाचा पासवर्ड मूळचाच राहिला असेल, तर कोणीही पत्तावहीच्या सर्व्हरचा पत्ता बदलून तेथे स्वतःचा संगणक लावू शकतो आणि ‘जोडणी तपासा’ हे बटण दाबताच यंत्र तो पासवर्ड त्याच्याकडे पाठवते. हे खाते डोमेनच्या (कार्यालयातील संगणक व खात्यांच्या सामायिक व्यवस्थेच्या) प्रशासकाचे कधीही असू नये.

मुंबईतील व्यवहार : फोर्ट, नरिमन पॉइंट किंवा अंधेरीच्या एमआयडीसीतील कार्यालयांत मोठी यंत्रे बहुधा भाड्याने वा एएमसीवर (वार्षिक देखभाल करारावर) असतात, मुदत संपली की ती टेम्पोत चढून दुसऱ्या कार्यालयात जातात. अशा वेळी हार्ड डिस्क पुसल्याचे लेखी पत्र घ्यावे किंवा डिस्क काढून स्वतःकडे ठेवावी, आणि ही अट करारातच घालावी. डिस्क आरंभापासून सांकेतिक ठेवली असेल, तर ती उलगडण्याची सांकेतिक किल्ली नष्ट करणे पुरते.

सर्ट-इन या सायबर घटना हाताळणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवाव्या लागतात आणि माहिती-तंत्रज्ञान यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. प्रिंटर यात धरणेच योग्य दिसते. त्याची स्वतःची नोंदवही छोटी असते आणि जुन्या ओळी पुसत पुढे सरकते, म्हणून नोंदी वेगळ्या सर्व्हरकडे वळवाव्या लागतात. तसेच यंत्राचे घड्याळ नेटवर्कवरील वेळेशी जुळवलेले नसेल, तर वीज जाऊन आल्यावर काही यंत्रे जुनीच तारीख दाखवतात, आणि मग रात्री कोणी काय छापले याचा मेळ इमारतीच्या प्रवेशनोंदींशी लागत नाही.