जुनी बोट घेताय? आधी इंजिनाला हात लावून बघा, गार आहे का

जुन्या बोटीचं इंजिन घेण्याआधी तपासून द्यायला आम्ही जातो, म्हणून आमच्याकडे दरवर्षी जूनपासून फोन सुरू होतात, की एक बोट बघितलीये, लाकूड चांगलंय, इंजिन पण मस्त आवाज देतंय, या आणि फक्त एकदा बघून जा. आता गंमत बघा, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, बोटी वर ओढून झापांनी शाकारलेल्या, आणि जुन्या बोटींचे निम्मे सौदे याच दोन महिन्यांत ठरतात. म्हणजे इंजिनाची खरी परीक्षा ज्या दिवसांत घेताच येत नाही नेमक्या त्याच दिवसांत आपण पैसे मोजतो. पाण्याच्या ड्रमात पाइप सोडून किनाऱ्यावर पाच मिनिटं चालवून दाखवलेलं इंजिन म्हणजे पलंगावर बसून पोहून दाखवण्यासारखं आहे. न्यूट्रलला तर निम्मं मेलेलं इंजिन पण गोड वाजतं.

म्हणून आमचं पहिलं सांगणं, पावसात बोट पसंत करा, कागद बघा, हवा तर थोडा इसार द्या, पण बाकीची रक्कम बोट पाण्यात उतरल्यावर लोडवर, म्हणजे गिअर टाकून बोट ओढायला लावून, चालवून बघितल्याशिवाय देऊ नका आणि हे इसाराच्या चिठ्ठीत लिहून घ्या. मालक तयार नसेल तर का तयार नाही ते त्यालाच विचारा.

इंजिन गार असताना

गेल्या गेल्या ब्लॉकला हात लावा. कोमट लागलं तर तुम्ही यायच्या आधीच कोणीतरी चालू करून ठेवलंय. गार इंजिन पटकन उठत नसेल तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब), डिझेलचं नोझल, डिझेलचा पंप नाहीतर नुसती बॅटरी, काहीही असू शकतं, पण आधीच गरम करून ठेवलं तर यातलं काहीच दिसत नाही. चालू करायच्या आधी डिपस्टिक काढा. ऑइल चहासारखं दुधाळ दिसलं तर पाणी गेलंय, आणि ते ऑइल कूलरमधून गेलंय, हेड गॅस्केटमधून की लायनरच्या (सिलिंडरच्या आतल्या नळीच्या) रबरी रिंगमधून, ते उघडल्याशिवाय कळत नाही. ऑइल अगदी नवंकोरं दिसलं तरी खूश होऊ नका, कालच बदललं असेल तर काल काय होतं ते कोण सांगणार? काही जण मुद्दाम जाड ऑइल भरतात, त्याने प्रेशर बरं दिसतं आणि धूरही कमी होतो, म्हणून आम्ही इंजिन चांगलं गरम झाल्यावर स्लोवर, म्हणजे रेस न देता, ऑइलचं प्रेशर बघतो आणि ते पण आमचं स्वतःचं गेज लावून. गरम इंजिन स्लोवर साधारण १ बारच्या खाली येत असेल तर बेअरिंगची शंका घ्यायची.

नवीन रंग मारलेलं इंजिन दिसलं की आम्ही टॉर्च घेऊन खालच्या बाजूला जातो. वरून सगळेच रंगवतात, पण फाउंडेशनचे बोल्ट, वॉटर पंपाच्या खालची जागा आणि एक्झॉस्टचा बाक तिथे मिठाचे पांढरे ओघळ आणि गंज तसाच राहतो.

ट्रकचं इंजिन असेल तर

आपल्याकडे कितीतरी बोटींत लेलँडचं ट्रकवालं सहा सिलिंडरचं इंजिन बोटीसाठी बदलून बसवलेलं असतं. यात वाईट काही नाही, पार्ट कुठेही मिळतात, मिस्त्री पण मिळतो. पण थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत गार करणारं पाणी अडवून धरणारा व्हॉल्व्ह, आहे का ते बघा. बरेच जण इंजिन तापतं म्हणून तो काढूनच टाकतात, मग इंजिन सतत गार चालतं, डिझेल नीट जळत नाही, कार्बन धरतो आणि लायनर लवकर झिजतो. मालक अभिमानाने सांगतो की आमचं कधी तापतच नाही, तिथेच कान टवकारायचे.

पाण्यात, लोडवर

निदान एक तास चालवा. इंजिनाच्या प्लेटवर समजा २२०० आरपीएम लिहिलंय आणि पूर्ण रेस देऊनही बोट चालताना १८०० च्या वर जातच नाही आणि वर काळा धूर ओकतेय, तर एकतर पंखा (पाण्यातला प्रोपेलर) इंजिनाला जड पडतोय, नाहीतर इंजिनातच दम नाही. एअर फिल्टर साफ करून परत बघा, कधीकधी तेवढंच असतं. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर गार इंजिनाला सुरुवातीला थोडा चालतो, गरम झाल्यावरही येत राहिला तर डिझेल कच्चं जातंय किंवा पाणी जातंय. चालू इंजिनावर ऑइल भरायचं झाकण उलटं करून नुसतं ठेवा, आतला वारा ते उडवून टाकत असेल तर पिस्टनच्या रिंगा गेल्या. पुढे, मागे गिअर टाकून बघा, गिअर ऑइलचा वास घ्या, करपलेला वास आला तर गिअरमधल्या क्लचच्या प्लेटा जळल्यात. इंजिन किती तास चाललं ते दाखवणाऱ्या अवरमीटरवर मात्र विश्वास ठेवू नका, तो बंद पडलेला असतो किंवा बदललेला.

एका गिऱ्हाइकाने आमचं ऐकून ऑइलचं सॅम्पल लॅबला दिलं, ऑइल दिसायला साफ होतं पण रिपोर्टात सोडियम निघालं, म्हणजे खारं पाणी आत येऊन गेलेलं. सौदा मोडला नाही, किंमत मात्र कूलर आणि बेअरिंगच्या खर्चाएवढी खाली आली. तपासणीचा उपयोग असाही होतो, प्रत्येक वेळी नाहीच म्हणायचं असं नाही.

कागदांचं थोडक्यात: रजिस्ट्रेशनवरचा इंजिन नंबर आणि हॉर्सपॉवर ब्लॉकवरच्या नंबरशी स्वतः जुळवा, आणि बोटीवर बँकेचं किंवा सोसायटीचं कर्ज बाकी नाही ना ते लेखी घ्या.

आम्हाला बोलवायचं असेल तर एक दिवस आधी कळवा, सकाळी लवकरची वेळ ठेवा, आणि मालकाला निरोप द्या की आम्ही येईपर्यंत इंजिन चालू करायचं नाही.