फ्लूचं औषध: कुणाला, आणि केव्हा?

ऑगस्ट २००९ पुणेकर विसरलेले नाहीत. स्वाइन फ्लूने देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला, तोही एका शाळकरी मुलीचा. नायडू रुग्णालयाबाहेर रांगा लागल्या, शाळा बंद झाल्या आणि टॅमिफ्लू हे नाव घरोघरी पोचलं. त्यातला औषधी घटक म्हणजे ओसेल्टामिविर. भीती पुढे ओसरली, पण औषधाबद्दलचे गैरसमज टिकून राहिले.

हे औषध विषाणूला मारत नाही. फ्लूचा विषाणू श्वसनमार्गातल्या पेशीत शिरतो आणि तिथे स्वतःच्या असंख्य प्रती काढतो. बाहेर पडताना या प्रती पेशीच्या पृष्ठभागावरच्या सियालिक आम्लाला चिकटतात. तो बंध तोडायला विषाणूकडे न्यूरामिनिडेज नावाचं विकर असतं. ओसेल्टामिविर नेमकं तेच निकामी करतं, त्यामुळे नवे विषाणू पेशीलाच अडकून राहतात. म्हणून तर वेळेला एवढं महत्त्व. लक्षणं सुरू झाल्यापासून ४८ तासांत औषध सुरू केलं तर खरा उपयोग. विषाणू सगळीकडे पसरल्यावर दिलं, तर बैल गेला नि झोपा केला.

आणि वेळेत देऊनही चमत्कार होत नाही. दुखणं साधारण एखाद्या दिवसाने कमी होतं, फ्लूनंतर कान फुटण्याचं प्रमाणही घटतं. त्या बदल्यात काही मुलांना उलट्या होतात; खाऊन झाल्यावर औषध दिलं तर त्रास कमी. धडधाकट मुलाला साधा फ्लू झाला असेल तर विश्रांती, भरपूर पातळ पदार्थ आणि वजनानुसार पॅरासिटामॉल पुरतं. अ‍ॅस्पिरिन मात्र देऊ नये. फ्लू झालेल्या मुलांत त्याने यकृत आणि मेंदूवर घाला घालणारा राय सिंड्रोम होऊ शकतो. अँटिबायोटिक विषाणूवर चालतच नाही, तरी ‘डॉक्टर, काहीतरी स्ट्राँग द्या’ हा आग्रह काही सुटत नाही.

मग ओसेल्टामिविर कुणाला? पाच वर्षांखालची, त्यातही दोन वर्षांखालची मुलं. दमा, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेली. प्रतिकारशक्ती कमी असलेली. धाप लागलेल्या किंवा रुग्णालयात दाखल केलेल्या मुलाला तर ४८ तास उलटले तरी देतात, रिपोर्टची वाट न पाहता. उपचाराचा डोस दिवसातून दोनदा, पाच दिवस. घरात कुणाला फ्लू असेल आणि मूल जोखमीचं असेल, तर डॉक्टर प्रतिबंधासाठी दिवसातून एकदाच, दहा दिवसांपर्यंत देतात.

जाता जाता: गोडा मसाल्यातल्या चक्रीफुलात शिकिमिक आम्ल असतं आणि ओसेल्टामिविर त्यापासून बनवता येतं. म्हणून चक्रीफुलाचा काढा फ्लूवर चालतो असं नाही. कारखान्यात त्या आम्लावर बऱ्याच रासायनिक प्रक्रिया झाल्यावर औषध तयार होतं.

प्रतिबंधाचा मुख्य आधार लसच. ती सहा महिन्यांपासून देता येते. नऊ वर्षांखालच्या मुलाला पहिल्यांदा देताना चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस, पुढे दरवर्षी एक. विषाणू रूप बदलत राहतो, म्हणून लसही दरवर्षी नव्याने ठरते. सहा महिन्यांखालच्या बाळाला लस नाही. आईने गरोदरपणात घेतली तर तिची प्रतिपिंडं बाळाला मिळतात. लसीचा परिणाम दिसायला सुमारे दोन आठवडे लागतात आणि आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात जोर धरतो. तेव्हा दोन डोस लागणार असतील तर एप्रिलमध्येच बालरोगतज्ज्ञांना विचारून ठेवावं, आणि त्या वर्षीची नवी लस आली आहे का, हेही.