तीन गिअरच्या जुन्या सायकलींचे पुनरुज्जीवन

मागच्या चाकाच्या हबमध्ये, म्हणजे मधल्या तुंब्यात, गिअरची यंत्रणा बंदिस्त असलेल्या, मुख्यतः ब्रिटिश बनावटीच्या जुन्या सायकली मूळ भाग शक्य तितके राखून पुन्हा चालत्या करण्याचे काम. अशा सायकलींत सर्वाधिक आढळणारा हब इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथील स्टर्मी-आर्चर कंपनीचा ‘एडब्ल्यू’ होय. तो १९३६ मध्ये आला. भारतीय रस्त्यांवरील बहुसंख्य जुन्या सायकली बिनगिअरच्या असल्यामुळे कोल्हापुरातही तीन गिअरची सायकल क्वचितच हाती लागते, आणि म्हणूनच तिच्यावर घाईने हातोडा चालवू नये.

हबमध्ये आसावर पक्के बसवलेले सूर्यचक्र, त्याभोवती फिरणारी चार ग्रहचक्रे आणि त्या सर्वांना वेढणारे आतून दातेरी कडे असते. दुसऱ्या गिअरमध्ये मागचे दातचक्र आणि चाक एकाच वेगाने फिरतात. पहिल्यात चाकाचा वेग दातचक्राच्या ७५ टक्के, तर तिसऱ्यात सुमारे १३३ टक्के असतो. केबल पूर्ण ताणली की पहिला गिअर लागतो, सैल सुटली की तिसरा; त्यामुळे केबल तुटलेली सायकल सदैव जड गिअरमध्ये चालते आणि हबच निकामी झाल्याचा गैरसमज होतो. हबच्या कवचावर बहुधा निर्मितीचे वर्ष व महिना कोरलेला असतो. सायकलीचे वय ठरवताना त्याचा उपयोग होतो. मात्र चाक नंतर बदललेले असू शकते, हे ध्यानात ठेवावे.

वर्षानुवर्षे पडून राहिलेला हब बहुधा झिजलेला नसतो, तर आतले तेल चिकट होऊन खिट्ट्या (चाकाला एकाच दिशेने ओढणारे छोटे अडकण, म्हणजे पॉल) जाम झालेल्या असतात. कवचावरील तेलाच्या छिद्रातून पातळ तेल सोडून चाक फिरवत राहिल्यास पुष्कळदा तो मोकळा होतो. पुढील वापरासाठी हलके खनिज तेल योग्य; वनस्पतिजन्य तेल कालांतराने गोंदासारखे आळत असल्याने ते टाळावे. पंचगंगेच्या २०१९ व २०२१ च्या महापुरांसारख्या पुरात बुडालेल्या सायकलीला मात्र हा उपाय पुरत नाही. तिच्या हबमध्ये गाळ शिरलेला असण्याची शक्यता असल्यामुळे तो न फिरवता आधी खोलावा, रॉकेलने धुवावा आणि खिट्ट्यांच्या बारीक स्प्रिंगा तपासाव्यात.

जोडणीनंतर केबलचा ताण अचूक ठेवणे हा या कामाचा गाभा आहे. दुसरा गिअर लावून उजव्या नटाच्या खिडकीतून पाहिले असता साखळीदार दांडीचे (केबलला जोडलेल्या, आसातून जाणाऱ्या बारीक दांडीचे) टोक आसाच्या टोकाशी समपातळीत दिसले पाहिजे. ताण चुकल्यास दुसऱ्या व तिसऱ्या गिअरच्या मध्ये पायडल एकाएकी रिकामे फिरते. चढावर उभे राहून जोर देणाऱ्याला त्यामुळे गंभीर इजा होऊ शकते.

क्रँक म्हणजे पायडलचा दांडा; तो आसावर घट्ट धरणाऱ्या पाचरीसारख्या कॉटर पिना काढताना क्रँकखाली भक्कम आधार द्यावा, अन्यथा हातोड्याचा मार आतील बेअरिंगवर बसतो. नवी पिन कानशीने घासून खाचेशी जुळवावी लागते. आसाचा वॉशर किंवा एखादी बुशिंग मिळत नसेल, तर शिवाजी उद्यमनगरातील लेथवर ती घडवून घेता येते, आणि हा कोल्हापूरचा मोठाच फायदा आहे. रॅले कंपनीच्या जुन्या फ्रेममधील क्रँककपांचे (क्रँकच्या आसाचे बेअरिंग धरणाऱ्या वाट्यांचे) आटे मात्र इंचाला २६ असे वेगळे असतात. सर्वसाधारण २४ आट्यांचा कप जोराने फिरवल्यास फ्रेम कायमची बिघडते.

रंगाबाबत संयम हवा. मूळ रंग, हाताने ओढलेल्या सोनेरी रेषा आणि कंपनीचे चिन्ह एकदा घासले गेले की परत येत नाहीत. नव्या चकचकीत रंगापेक्षा ओरखडे पडलेला मूळ रंग अधिक मोलाचा आहे. गंज काढून, पातळ तेलाचा किंवा मेणाचा थर देऊन सायकल पावसाळ्यात कोरड्या जागी ठेवावी.

पन्हाळ्यासारख्या चढासाठी वापरायची असल्यास मागचे १८ दातांचे चक्र काढून २२ दातांचे बसवावे. तीन कंगोऱ्यांचे चक्र एका स्प्रिंगकड्याने अडकवलेले असते, त्यामुळे हबला धक्का न लावता हा बदल करता येतो आणि हवा तेव्हा मागेही घेता येतो.