पेसाहला भात चालतो का? हलाखा आणि मिनहाग

पेसाह या ज्यू सणाच्या आठवड्यात इस्रायलमधल्या एखाद्या इमारतीत समोरासमोरच्या दोन घरांत डोकावलं, तर एका घरी रश्श्याबरोबर भात शिजताना दिसेल आणि समोरच्या घरी तांदळाचा डबा आठवडाभर कपाटातून बाहेरच आलेला नसेल. दोन्ही घरं ज्यू, दोन्ही शब्बाथ, म्हणजे शनिवारची विश्रांती, काटेकोर पाळणारी. तरी समोरच्याने धर्म मोडला असं कुणीच म्हणत नाही.

"ज्यू लोकांत हे चालत नाही" असं आपण सहज बोलून जातो. त्या 'चालत नाही'च्या पोटात दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक हलाखा, म्हणजे धर्मशास्त्राचा नियम. दुसरी मिनहाग, म्हणजे रिवाज. मिनहागला मराठीत सगळ्यात जवळचा शब्द कुळाचार. फक्त हे कूळ कधी गावाएवढं, तर कधी अख्ख्या प्रांताएवढं मोठं असतं. आपल्याला हा फरक नवा नाही. एकादशीचा उपास म्हटला की धान्य वर्ज्य हे सगळ्यांना मान्य, पण खिचडीत जिरं घालायचं की नाही यावर सासर-माहेर वेगळं असतं. कोथिंबिरीचं तर विचारूच नका.

आता तांदळाकडे. पेसाह हा मिसरच्या (इजिप्तच्या) गुलामीतून सुटकेचा सण. घाईत निघताना पीठ फुगायला वेळ मिळाला नाही, म्हणून या दिवसांत 'हामेत्स' निषिद्ध. हामेत्स म्हणजे गहू, जव, राय, ओट आणि स्पेल्ट या पाच धान्यांचं पाणी लागून आंबलेलं काहीही. पिठाला पाणी लागल्यापासून अठरा मिनिटांच्या आत भाजून निघाली ती मात्सा, म्हणजे न आंबलेली पोळी, त्यानंतर हामेत्सची शंका सुरू. ही बंदी थेट तोरातली, म्हणजे मूळ धर्मग्रंथातली आहे, आणि ती नुसती खाण्यापुरती नाही. हामेत्स घरात मालकीचं असणंही चालत नाही. म्हणून सणाआधी घराचा कोपरा न् कोपरा झाडतात, आदल्या रात्री दिवा घेऊन पावाचे तुकडे शोधतात, सकाळी ते जाळतात आणि उरलेला साठा ज्यू नसलेल्या माणसाला रीतसर विकतात.

तांदूळ या पाचांत नाही. तांदूळ आंबत नाही, नासतो, असं तालमूद या प्राचीन रब्बींच्या (धर्मपंडितांच्या) ग्रंथात स्पष्ट चर्चेला आलेलं आहे. उलट मत देणारे एक रब्बी तिथे होते, पण त्यांचं मत टिकलं नाही. मग समोरच्या घरातला डबा बंद का? कारण ते घर अश्कनाझी, म्हणजे मूळचं मध्य आणि पूर्व युरोपातलं. तेराव्या शतकाच्या सुमारास फ्रान्समधल्या रब्बींच्या लिखाणात एक रिवाज दिसू लागतो: पेसाहला 'किटनियोत' खायचे नाहीत. तांदूळ, डाळी, वाटाणे, मोहरी, पुढे मकासुद्धा, हे सगळे किटनियोतमध्ये. कारणं व्यवहारातली होती. ही धान्यं गव्हाच्या शेजारी पिकायची, त्याच पोत्यांतून यायची, आणि एक दाणा इकडचा तिकडे झाला तर कळणार कसं? शिवाय त्यांचंही पीठ होतं. आज तांदळाच्या पिठाची लापशी चालली, तर उद्या कुणी गव्हाच्या पिठाचीही चालवून घेईल, ही भीती. स्पेन, उत्तर आफ्रिका, इराक इथल्या सेफार्दी आणि पौर्वात्य ज्यूंनी बहुतेक ठिकाणी हा रिवाज घेतलाच नाही.

ताटात दोन्ही सारखेच 'वर्ज्य' दिसतात, पण फरक कळतो तो परिणामांत. हामेत्स घरात नको. किटनियोत खुशाल कपाटात राहू देत, विकावे लागत नाहीत. हामेत्स जाणूनबुजून खाल्लं तर तोरात 'कारेत' ही फार मोठी शिक्षा सांगितली आहे. किटनियोतला तसलं काही नाही, आणि आजारी माणसाला किंवा लहान मुलाला ते गरजेपुरते देतातही. हामेत्सची बंदी कुठल्याही देशातल्या, कुठल्याही घराण्यातल्या ज्यूला लागू. किटनियोतची ज्याच्या बापजाद्यांनी ती स्वीकारली त्यालाच. अश्कनाझी मुलगी सेफार्दी घरात लग्न होऊन गेली तर साधारणपणे सासरचा मिनहाग घेते आणि पेसाहला भात खाऊ लागते. हलाखा अशी लग्नाने बदलत नाही. अमेरिकेतल्या कन्झर्व्हेटिव्ह पंथाच्या रब्बींनी २०१५ मध्ये किटनियोतला परवानगी दिली. हामेत्सबद्दल असं काही करायची कल्पनाही त्यांनी केली नसती.

हे सगळं एका पुस्तकात छान दिसतं. सोळाव्या शतकात गालीलमधल्या त्स्फात गावी योसेफ कारो यांनी रोजच्या आचाराचे नियम एकत्र केले. १५६५ मध्ये व्हेनिसला छापलेल्या त्या ग्रंथाचं नाव 'शुलहान आरुख', म्हणजे मांडलेलं मेज. कारो सेफार्दी, त्यामुळे मेजावर सेफार्दी वळण. पोलंडमधल्या क्राकूवचे मोशे इस्सेर्लेस यांनी त्यावर अश्कनाझी रिवाजांच्या टिपा जोडल्या आणि नाव दिलं 'मप्पा', म्हणजे मेजावरचं कापड. किटनियोतच्या जागी कारो म्हणतात तांदूळ चालतो, आणि टीप म्हणते आमच्याकडे न खाण्याचा रिवाज आहे. दोन्ही वाक्यं आजवर एकाच पानावर छापली जातात.

पण मिनहाग म्हणजे ढिला, मनावर घ्यायचा तर घ्या, असं समजणं चूक. 'इस्रायलचा रिवाज हीच तोरा' असं वचन आहे, आणि 'शास्त्राद् रूढिर्बलीयसी' म्हणणाऱ्या आपल्याला ते पटायला जड जाऊ नये. इस्रायलबाहेर पेसाह सातऐवजी आठ दिवस का? पूर्वी चंद्र पाहून महिना ठरायचा, दूरच्या गावांना निरोप उशिरा पोचायचा, म्हणून खबरदारीचा एक दिवस जास्त. पुढे पंचांग गणिताने पक्कं झालं आणि शंकाच उरली नाही, तरी तालमूदने सांगितलं की वाडवडिलांचा रिवाज सोडू नका. आता तो दिवस नियमाइतकाच पक्का आहे. दुसऱ्या बाजूला, वेडगळ रिवाजांवर रब्बी चिडलेलेही दिसतात. मध्ययुगातला एक शेरा मला फार आवडतो: 'मिनहाग'ची हिब्रू अक्षरं उलटी वाचली की 'गेहिन्नोम' होतं, म्हणजे नरक.

कित्येकदा एकाच कृतीत दोघे नांदतात. शुक्रवारी शब्बाथचा दिवा लावणं हा रब्बींनी घालून दिलेला नियम; सूर्यास्ताआधी किती मिनिटं लावायचा हा रिवाज, बहुतेक ठिकाणी अठरा, जेरुसलेममध्ये चाळीस. मांस आणि दूध एकत्र नको ही हलाखा. मांसानंतर दूध पिण्याआधी किती थांबायचं यात कुणाचे सहा तास, जर्मन ज्यूंचे तीन, हॉलंडवाल्यांचा एक.

कोकणातले ज्यू, बेने इस्रायल, म्हणजे या जोडीचा सगळ्यात बोलका नमुना. रायगडच्या गावागावांत त्यांना 'शनिवार तेली' म्हणत, कारण घाणा चालवायचे पण शनिवारी बंद. हिब्रू ग्रंथ हाताशी नव्हते, तरी शब्बाथ, सुंता, खवल्याची मासळी असा हलाखाचा गाभा राहिला होता. सण होते, पण नावं पार मराठी. पेसाहला म्हणत 'अनाशी धाकाचा सण', घरातल्या आंबट रसाचं मडकं त्या दिवसांत झाकून ठेवायचं म्हणून. आंबलेलं नको एवढं मूळ त्या मडक्याने धरून ठेवलं होतं. तिशा बाव, म्हणजे जेरुसलेमच्या मंदिराच्या नाशाचा शोक करण्याचा उपास, झाला 'बिरड्याचा रोजा', कारण उपास सुटायचा वालाच्या बिरड्यावर. पेसाहला भात मात्र त्यांनी कधी सोडला नाही. कोकणात तो सोडून खाणार काय? किटनियोतचा रिवाज त्यांच्यापर्यंत आलाच नव्हता. मटणाचा रस्सा नारळाच्या दुधात, कारण नारळाचं दूध हे 'दूध' नव्हेच. वाइनच्या जागी काळ्या मनुकांचं सरबत, आणि तेही हलाखात बसतं.

एक रिवाज मात्र उलट्या दिशेचा. शेजारच्या हिंदू समाजासारखा त्यांच्यातही विधवेचा पुनर्विवाह होत नसे. पुनर्विवाहाला हलाखाची एरवी आडकाठी नाही. पुढे इस्रायलला गेल्यावर १९६० च्या दशकात तिथल्या रब्बींच्या मुख्य मंडळाने शंका काढली: इतकी शतकं तुमच्याकडे घटस्फोटाचे आणि विधवा भावजयीचे (निपुत्रिक विधवेला दिराने मोकळं केल्याशिवाय दुसऱ्याशी लग्न करता येत नाही) नियम शास्त्राप्रमाणे पाळले गेले होते का? नसतील, तर लग्नाआधी वंशाची चौकशी करावी लागेल. खरं तर जिथे विधवा पुन्हा लग्नच करत नव्हती आणि घटस्फोट क्वचित, तिथे तो नियम मोडायचा प्रसंगही क्वचितच आला असणार. बेने इस्रायल जेरुसलेममध्ये धरण्याला बसले, आणि १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचं ठरवलं. शंका हलाखाची होती, पण मला वाटतं तिच्यामागे साडी, मराठी आणि मेंदी यांकडे पाहून आलेलं अवघडलेपणही होतं. रिवाज अनोळखी दिसला की लोक नियमावरच संशय घेतात.

मलिदा हा त्यातला सगळ्यात अनोळखी. पोहे, ओलं खोबरं, साखर किंवा गूळ, सुका मेवा, भोवती फळं, आणि एलियाहू हानाबी या प्रेषिताच्या नावाने प्रार्थना. नवस फेडायला, साखरपुड्याला, नव्या घरात. एलियाहू हानाबीचा रथ अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या खडकावर उतरला होता अशी श्रद्धा आहे. शुलहान आरुखमध्ये मलिदा शोधून सापडणार नाही. हा शंभर टक्के मिनहाग. पण ताट पुढे आलं की खाणाऱ्याला हलाखा आठवावीच लागते, कारण प्रत्येक गोष्ट खाण्याआधी म्हणायचा आशीर्वाद वेगळा. खजुराला आणि सफरचंदाला 'झाडाचं फळ' म्हणायचं. केळ्याला नाही. केळीचं खोड दरवर्षी टिकून पुन्हा फळत नाही, म्हणून हलाखाच्या हिशेबात ती झाड नव्हे, आणि केळं 'जमिनीचं फळ'.